तासामागचा दीड तास

आमच्या कॉलेजात मानधनाच्या बिलाचा छापील फॉर्म आहे. तारीख, वर्ग, विषय, शिकवलेला भाग, वेळ आणि सही असे सहा रकाने. मागच्या डिसेंबरात मी त्यात एक ओळ जादा लिहिली: 'संशोधन प्रकल्प मार्गदर्शन, ३ तास.' बिल परत आलं. ऑफिसातल्या भाऊंनी त्या ओळीपुढे पेन्सिलीनं बारीक प्रश्नचिन्ह काढलं होतं. "मॅडम, हे लेक्चर नाही ना. टाइमटेबलात नाही ते पास कसं होणार?" भाऊंवर माझा राग नाही. नऊ वर्षांत माझं एकही बिल गहाळ झालं नाही ते त्यांच्यामुळे. मी नवा फॉर्म भरला, कारण खाडाखोड चालत नाही, आणि ते तीन तास कागदावरून गेले.

मी ठाण्याची. नौपाड्यात माझी समुपदेशनाची प्रॅक्टिस आहे. गुरुवारी आणि शनिवारी दुपारी ठाणे स्टेशनच्या नऊ-दहा नंबरवरून ट्रान्स-हार्बरची गाडी पकडते आणि नवी मुंबईत जाऊन एम. ए. मानसशास्त्राच्या वर्गाला शिकवते. शासनाच्या कागदात मी तासिका तत्त्वावरची, म्हणजे घेतलेल्या तासांपुरतेच पैसे मिळणारी; स्टाफरूममध्ये 'सीएचबी' (क्लॉक अवर बेसिस), कार्यक्रमपत्रिकेवर 'व्हिजिटिंग फॅकल्टी'. कॉलेजांना श्रेणी देणाऱ्या नॅकची समिती यायची होती तेव्हा महिनाभर मी नुसतीच 'फॅकल्टी' होते; बायोडेटा, फोटो, छापून आलेले लेख, सगळं दोन-दोनदा मागून नेलं.

तासिका तत्त्वाचा विषय निघाला की बोलणं लगेच दरावर जातं. दर कमी आहे, पैसे उशिरा येतात, हे खरंच आहे आणि त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. माझं म्हणणं थोडं वेगळं आहे. पदव्युत्तर मानसशास्त्र हा विषय वर्गात जितका शिकवला जातो त्याहून जास्त वर्गाबाहेर शिकवावा लागतो. तो बाहेरचा भाग ज्याच्या कामात धरलेलाच नाही, अशा माणसांच्या भरवशावर अख्खा अभ्यासक्रम चालवला, तर मुलं पास होतात, पण समोर बसलेल्या माणसाशी बोलायचं कसं ते त्यांना येत नाही. आणि त्याचा फटका प्राध्यापकाला बसतो त्यापेक्षा फार जास्त त्या समोर बसलेल्या माणसाला बसतो.

हिशेब विद्यापीठ अनुदान आयोगाच्याच कागदावरून करता येतो. आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीप्रमाणे पूर्णवेळ शिक्षकाचा आठवडा किमान ४० तासांचा. सहायक प्राध्यापकानं त्यातले १६ तास प्रत्यक्ष शिकवायचं. उरलेले २४ तास तयारी, तपासणी, मार्गदर्शन, संशोधन, विभागाची कामं. म्हणजे वर्गातल्या एका तासामागे वर्गाबाहेरचा दीड तास असतो, हे आयोगाला मान्य आहे आणि कायम शिक्षकाला त्याचा पगारही मिळतो. विषय तोच, वर्ग तोच, प्रोजेक्टरची सैल झालेली केबलही तीच. शिकवणारा तासिका तत्त्वावरचा असला की मागचा दीड तास गायब.

दराकडेही याच नजरेनं बघता येतं. २०१९ साली आयोगानं अतिथी प्राध्यापकासाठी तासाला १,५०० रुपये आणि महिन्याला जास्तीत जास्त ५०,००० रुपये असं मानधन ठरवून दिलं. सातव्या वेतन आयोगात सहायक प्राध्यापकाचं सुरुवातीचं मूळ वेतन ५७,७०० रुपये. महिन्याचे साधारण ६४ तास धरले तर नुसत्या मूळ वेतनावर तासाला ९०० पडतात. महागाई भत्ता, घरभाडं धरलं की आकडा १,५०० च्या दिशेनं सरकतो. म्हणजे आयोगाच्या दरात तो दीड तास कुठेतरी मुरलेला आहे. मला आमच्या विनाअनुदानित विभागात तासाला ८०० मिळतात. यात वर्गातला तास बसतो, येण्याजाण्याचं भाडं बसतं आणि कॅन्टीनचा चहा. गुजरातमधल्या कंत्राटी सहायक प्राध्यापकांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२५ मध्ये समान कामाला समान वेतनाचा मुद्दा उचलून धरला आणि समारंभात 'गुरुर्ब्रह्मा' म्हणून भागणार नाही, असंही सुनावलं. ते वाचून आमच्या स्टाफरूममध्ये पेढे वाटायचं राहिलं होतं इतकंच. पण समान काम म्हणजे नेमकं कोणतं काम, हे ठरल्याशिवाय तो निकालही आमच्या सहा रकान्यांत शिरायचा नाही.

आता ते काम काय असतं ते सांगते, कारण बाहेरच्या माणसाला वाटतं की मानसशास्त्र म्हणजे फ्रॉइड, पाव्हलॉव्हचा कुत्रा आणि परीक्षेच्या आदल्या रात्री पाठ केलेल्या व्याख्या.

गेल्या वर्षी समुपदेशन कौशल्यांच्या तासाला रोल-प्ले चालला होता. एक जण समुपदेशक, एक जण क्लायंट, बाकीचे वहीत निरीक्षणं लिहिणार. क्लायंट झालेल्या मुलीनं आपल्या अलिबागकडच्या आजीचं सोंग घेतलं होतं. आजोबा जाऊन सहा महिने झालेत आणि आजीला अन्न जात नाही. समुपदेशक झालेल्या मुलानं पुस्तकातला इंग्रजी प्रश्न मनातल्या मनात मराठीत उलटवला आणि विचारलं, "ते तुम्हाला कसं फील करवतं?"

आजी थांबली. म्हणाली, "करवतं म्हणजे काय रे बाळा?"

वर्ग खो खो हसला. तोही हसला, पण त्याचे कान लाल झालेले मला दिसले. तेवढ्यात घंटा झाली, पुढचा तास सांख्यिकीचा. मग उरलेलं सगळं जिन्यात झालं. आम्ही सहा जण पायऱ्यांवर बसलो, येणाराजाणारा वळसा घालून जात होता. हा प्रश्न मराठीत विचारायचा कसा? एकीनं सुचवलं, 'तुम्हाला कसं वाटलं?' दुसरा म्हणाला, हे तर 'आमटी कशी वाटली'सारखं झालं. मग मी म्हटलं, प्रश्न राहू दे, आधी तुझी आजी बोलते कशी ते सांग. ती सांगत गेली: घास उतरत नाही. घरात पाय ठरत नाही. तिन्हीसांजेला छातीत कालवतं. कसंनुसं होतं. हे सगळं ऐकल्यावर तोच मुलगा, लाल कानांचा, हळूच म्हणाला, "आजी, तिन्हीसांजेलाच का गं होतं असं?" आणि ती मुलगी सोंग विसरून बोलायला लागली. आजोबा त्या वेळेला कामावरून यायचे. सायकलची घंटी वाजायची.

एका समुपदेशकाच्या शिक्षणातला तो फार मोठा प्रसंग होता. जिन्यात घडला, चाळीस मिनिटं चालला, बिलात गेला नाही. रोगनिदानाची जी जाडजूड अमेरिकन नियमपुस्तिका आम्ही शिकवतो, त्या डीएसएममध्येसुद्धा २०१३ पासून सोळा प्रश्नांची एक मुलाखत दिलेली आहे. माणूस आपल्या त्रासाला स्वतःच्या भाषेत काय म्हणतो, त्याच्या घरचे काय म्हणतात, हे त्यातून विचारायचं असतं. परीक्षेत त्यावर टीप लिहायला येते. ती टीप सगळे छान लिहितात. पण ठाणे-नवी मुंबईतल्या वर्गात शिकवणं इंग्रजीत चालतं आणि उद्या यांच्यासमोर बसणारी बाई घणसोलीची किंवा कळव्याची असेल, 'डोक्यात मुंग्या येतात' म्हणणारी. मधलं अंतर तोडायला कुणीतरी सोबत बसून मुलांचं बोलणं ऐकायला लागतं. पाठ्यपुस्तक हे करू शकत नाही. ताशी आठशेची सही करून सहा बावन्नच्या गाडीकडे पळणारी मी तरी कुठे करू शकते? कधी थांबते, कधी नाही थांबत. क्लिनिकमध्ये साडेसातला कुणी येऊन बसणार असेल तर मी त्या जिन्यातून वळसा घालून निघून जाते.

दुसरं उदाहरण आकड्यांचं. माझ्या वर्गात ३८ मुलं आहेत. प्रत्येकानं एका सराव-सत्राचं संभाषण शब्दशः उतरवून आणायचं असतं. दहा-बारा पानं होतात. ते नीट वाचून, कुठे घाई केली, कुठे समोरच्याचं वाक्य आपणच पुरं केलं, कुठे शांतता सहन झाली नाही, हे समासात लिहायला एका मुलामागे चाळीस मिनिटं लागतात. ३८ गुणिले ४० म्हणजे पंचवीस तासांच्या वर. चार श्रेयांकांचा, म्हणजे क्रेडिटचा, अख्खा पेपर शिकवायचा तर तास मिळतात ६०. एका पेपरमधला हा एकच उतारा, एकदाच वाचला तर पंचवीस. दोनदा वाचला तरच मुलगा सुधारला की नाही ते कळतं. पहिल्या वर्षी मी दोनदा वाचले. आता एकदा वाचते. यंदा दहा जणांचे मी नुसते चाळले, हे इथे कबूल करते. त्या दहांनाही गुण बरे पडले. गुण देणं सोपं असतं.

नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे आपल्याकडे पदव्युत्तर अभ्यासक्रमाची नवी मांडणी आली. सत्राला २२ श्रेयांक, दुसऱ्या सत्रात चार श्रेयांकांचं प्रत्यक्ष कामावरचं प्रशिक्षण, म्हणजे ज्याला सगळे ओजेटी म्हणतात ते, आणि दुसऱ्या वर्षी संशोधन प्रकल्प. कागदावर मला ही मांडणी आवडली. चार श्रेयांक म्हणजे १२० तास मुलं कुठल्या तरी शाळेत, पुनर्वसन केंद्रात, रुग्णालयात बसणार. मानसशास्त्राला हे हवंच होतं. आणि ठाण्यासारखं गाव शोधून सापडायचं नाही. इथलं मनोरुग्णालय १९०१ सालचं. आमच्या लहानपणी कुणी विचित्र वागलं की 'याला ठाण्याला पाठवा' म्हणायचे, आम्ही ठाण्यातच राहत असल्यामुळे तो विनोद आम्हाला कधी धड कळला नाही. याच गावात १९९० मध्ये डॉ. आनंद नाडकर्णींची आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था उभी राहिली आणि मनाबद्दल मराठीत, चारचौघांत, लाज न बाळगता बोलायची सवय दोन पिढ्यांना लागली. शिकणाऱ्याला याहून चांगला परिसर कुठला?

पण १२० तास मुलगी जिथे जाऊन बसते तिथे ती काय पाहते, काय बोलते, रात्री झोपताना तिच्या डोक्यात काय राहतं, हे विचारायला आठवड्यातून तासभर तरी कुणी तिच्याजवळ हवं. आमच्या धंद्यात त्याला सुपरव्हिजन म्हणतात आणि त्याशिवाय काम करणं हा निष्काळजीपणा मानतात. आमच्याकडे ओजेटीचं सुपरव्हिजन म्हणजे एक फॉर्म. संस्थेचा शिक्का, तासांची बेरीज, माझी सही. एका मुलीला विशेष मुलांच्या शाळेत १२० तास फाइलींवर लेबलं लावायला बसवलं होतं. लेबलं सुरेख लावली होती हो. मला कळलं ते तोंडी परीक्षेत.

दूरशिक्षणाच्या गोष्टीत तर मला गंमतच दिसते. २०२१ साली संसदेनं संलग्न आरोग्यसेवा व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला आणि त्यातल्या व्यवसायांच्या यादीत मानसशास्त्रज्ञही आले. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ आधीपासून भारतीय पुनर्वास परिषदेच्या नोंदणीखाली आहेत, त्यांच्यासाठी दोन वर्षांचं एम. फिल. होतं, एम. फिल. पदवीच बंद करायचं ठरल्यावरही या विषयाला २०२५-२६ पर्यंत मुदत वाढवून द्यावी लागली, इतकं ते गरजेचं होतं. साध्या एम. ए. झालेल्या समुपदेशकाला मात्र आजवर अशी कुठलीच चाळणी नव्हती. एम. ए. झालं, पाटी लावली, सुरू. तर या नव्या कायद्याचा आधार घेऊन विद्यापीठ अनुदान आयोगानं २०२५ मध्ये मानसशास्त्राचे दूरस्थ आणि ऑनलाइन अभ्यासक्रम बंद केले. कारण बरोबर आहे. लोकांच्या मनाला ज्यांचा हात लागणार त्यांना घरबसल्या पुस्तकं पाठवून तयार करता येणार नाही. मी या निर्णयाच्या बाजूची आहे.

पण मग पुढचा प्रश्न कुणी विचारायचा? दूरशिक्षण वाईट का, तर शिक्षक जवळ नसतो म्हणून. आमच्या वर्गात शिक्षक असतो, साठ मिनिटं असतो, आणि घंटा झाली की तो ठाण्याच्या नाहीतर पनवेलच्या गाडीत असतो. मुलाला त्याला गाठायचं तर व्हॉट्सॲप. हे कुठलं जवळचं शिक्षण? पोस्टानं येणारी पुस्तकं निदान घरी थांबायची.

आमच्याकडे तिशीतला एक सहकारी आहे. प्राध्यापकपदासाठीची सेट परीक्षा पहिल्या फटक्यात पास झालेला, वाचन दांडगं, शिकवतो तर मुलं बाकावरून हलत नाहीत. तो सोमवार-मंगळवार कल्याणपलीकडे, बुधवारी ठाण्यात, गुरुवार-शुक्रवार पनवेलकडे आणि शनिवारी आमच्याकडे असतो. सॅकमध्ये चार कॉलेजांची चार ओळखपत्रं; एकदा गेटवर चुकीचं दाखवलं म्हणून वॉचमननं त्याला अडवलं, स्वतःच्याच वर्गाला तो पंधरा मिनिटं उशिरा पोचला. नेमणूक जुलै-ऑगस्टात होते, एप्रिलात संपते. मे-जूनला तो कंपन्यांमध्ये 'ताणाचं व्यवस्थापन' शिकवतो, ज्यातलं त्याला बरंच अनुभवानं माहीत आहे. प्रकल्पाचं मार्गदर्शन व्हॉइस नोटवर करतो, ऐरोली आणि घणसोलीच्या मधे, आवाजात रुळांची खडखड येते. मुलं त्या नोट जपून ठेवतात. मी ऐकल्या आहेत, उत्तम असतात. पण त्यात मुलानं काही विचारलं तर उत्तर यायला रात्र होते.

त्याच्याबद्दल लिहिताना मला स्वतःबद्दलही लिहायला हवं. मी आठशेला तयार झाले कारण माझं घर क्लिनिकवर चालतं. तिथे पन्नास मिनिटांचे मी दीड हजार घेते. शिकवणं ही माझी हौस आहे, नव्या पोरांबरोबर राहिलं की आपणही गंजत नाही हा स्वार्थही आहे. पण बिल उशिरा आलं तरी माझं काही अडत नाही, हे ऑफिसला माहीत आहे आणि विभागप्रमुखांनाही माहीत आहे. माझ्यासारखी चार माणसं हौसेनं उभी राहिली की विभागाचं काम भागतं, आणि काम भागतंय तर जागा मागायची कशाला? त्या मुलाची कायम नोकरी मी अडवून बसले आहे असं कुणी तोंडावर म्हटलं तर मला राग येईल, पण खोडून काढता येणार नाही. मानधन नाकारून 'सेवा' म्हणून शिकवणारे माझे दोन व्यवसायबंधू आहेत. त्यांना मी मोठ्या मनाचे म्हणायचे. आता तितक्या खात्रीनं म्हणवत नाही.

याचा अर्थ बाहेरून येणारे नकोत असं अजिबात नाही. ज्यानं कधी दार लावून एखाद्याचं रडणं ऐकलेलं नाही त्यानं समुपदेशन शिकवू नये असं माझं मत आहे, आणि कायम प्राध्यापकांपैकी अनेकांना ती संधी मिळत नाही. मी वर्गात परवाचा अनुभव, नावगाव बदलून, सांगते तेव्हा मुलांच्या वह्या मिटतात आणि मान वर होते. विद्यापीठ अनुदान आयोगानंही २०२२ मध्ये 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' नावाचं पद काढलं, पंधरा वर्षं क्षेत्रात काम केलेल्यांसाठी, पदवी-पीएच.डी.ची अट न लावता. मात्र त्याला मर्यादा घातली मंजूर पदांच्या दहा टक्क्यांची. २०१८ च्या नियमावलीत कंत्राटी शिक्षकांनाही दहा टक्क्यांचीच मर्यादा होती. दोन्हीकडे धोरण एकच दिसतं: आम्ही लोणचं. डाव्या बाजूला, चवीपुरतं. आमच्या विभागात एक कायम बाई सोडल्या तर ताटभर लोणचंच वाढलेलं आहे, आणि बाईही पुढच्या वर्षी निवृत्त होतायत.

कॉलेजांचीही बाजू आहे. विनाअनुदानित विभाग मुलांच्या फीवर चालतो, पदाला मंजुरी मिळवायची तर वर्षं जातात, एखाद्या वर्षी जागा भरल्या नाहीत की पूर्णवेळ माणसाचा पगार अंगावर येतो. हे मी नाकारत नाही. पण ज्याला स्वयंपाकघर परवडत नाही त्यानं खानावळीची पाटी लावू नये, इतकं तरी म्हणता येईल की नाही? मानसशास्त्राला सध्या मागणी आहे म्हणून अभ्यासक्रम सुरू करायचा आणि शिकवणारे तासावर आणायचे, ही सोय कॉलेजची झाली. मुलं मात्र पूर्ण दोन वर्षांची फी भरतात.

एक गोष्ट मला सगळ्यात जास्त खुपते, आणि तिच्याबद्दल फारसं बोललं जात नाही. नैराश्य किंवा आत्महत्येच्या धोक्यावरचा तास झाला की दाराशी कुणीतरी थांबलेलं असतं. "मॅम, पाच मिनिटं?" ती पाच मिनिटं अभ्यासाची नसतात हे चेहऱ्यावरूनच कळतं. मानसशास्त्राकडे येणाऱ्या मुलांत स्वतःचं काहीतरी घेऊन आलेली मुलं असतात, त्यात वावगं काही नाही. पण मी त्यांची शिक्षिका, त्यांना गुण देणारी. मी त्यांची समुपदेशक होऊ शकत नाही. व्यवसायाचा तो साधा नियम आहे आणि मीच तो त्यांना पहिल्या सत्रात शिकवते. म्हणून मी ऐकते, तातडी आहे का पाहते, कुणाकडे जायचं ते सांगते, टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर देते, दुसऱ्या दिवशी फोन करते. नेरूळ स्टेशनच्या बाकावर अशा गोष्टींत माझ्या दोन-दोन गाड्या गेल्या आहेत. ज्या दिवशी मी थांबू शकत नाही, त्या दिवशी त्या मुलीसाठी कॉलेजात कोण असतं?

जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबाबत देशभरासाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत निदान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा, असं त्यात आहे. चांगलंच झालं. पण मला कॉलेजांची रीत माहीत आहे. पुढच्या महिन्यात मला विचारणा झाली: "मॅडम, तुम्ही आहातच ना, तुमचंच नाव बोर्डवर टाकू का?" सकाळी मी ज्याचा पेपर तपासणार, दुपारी त्यालाच माझ्याकडे मन मोकळं करायला पाठवणार. मी नाही म्हटलं. माझी नोकरीच नसल्यामुळे मला नाही म्हणणं सोपं गेलं. त्या चार ओळखपत्रांच्या मुलाला कुणी विचारलं असतं तर त्याला कितपत जमलं असतं कोण जाणे. आणि या सगळ्या संस्थांना लागणारे ते समुपदेशक येणार कुठून? आमच्याच वर्गांतून. ज्यांचे उतारे मी यंदा नुसते चाळले त्यांच्यातून.

काय करता येईल हे काही फार अवघड नाही. २०२१ च्या कायद्यानं जो राष्ट्रीय आयोग आला आहे त्यानं मानसशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला मान्यता देताना खोल्या आणि संगणक मोजण्याआधी पूर्णवेळ शिक्षक मोजावेत. किती मुलांमागे एक सुपरव्हायजर हे ठरवून द्यावं. पीएच.डी.च्या मार्गदर्शकाकडे किती मुलं असावीत याची मर्यादा आहेच. वर्गाला शिकवणारा माणूस तिथला समुपदेशक नसावा, हे लेखी असावं. आणि बाहेरून येणाऱ्याच्या बिलात सातवा रकाना असावा: सुपरव्हिजन. दर कमी ठेवला तरी चालेल, पण तो रकाना हवा. रकाना असला की तास टाइमटेबलात येतो, टाइमटेबलात आला की त्याला खोली मिळते, आणि खोली मिळाली की जिना सुटतो. सरकारी कारभारात जे छापलेलं नसतं ते घडलेलंच नसतं, हे भाऊंनी मला नऊ वर्षांत शिकवलं आहे.

यंदा त्यांनीच तोड काढली. जुलैत फॉर्म न्यायला गेले तेव्हा आवाज खाली करून म्हणाले, "मॅडम, ते तुमचं मार्गदर्शन 'रेमेडियल लेक्चर' म्हणून टाका. कच्च्या मुलांसाठी असतं ते. त्याला बजेटात वेगळं हेड आहे, पैसे पडून आहेत." शनिवारी तीन ते पाच वर्ग क्रमांक २०४ मिळाला. पंखा चालतो. बिल एका फेरीत पास झालं. कागदोपत्री आमच्या एम. ए. भाग दोनची सगळीच्या सगळी ३८ मुलं या सत्रात कच्ची आहेत.